मास्तरांची लाल रेघ

जाहिरात वाचून ताईने चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाली, "एवढ्या स्वस्तात विमान? कुठेतरी पाणी मुरतंय."

तिचं काही चुकलं नव्हतं. दोघांनी बसायचं, एका पंख्याचं, छोटं पण सर्वांगाने धड विमान. आणि किंमत बघावी तर बऱ्यापैकी मोटारगाडीची. विमानांच्या बाजारात 'स्वस्त' या शब्दाला चांगला वास येत नाही. स्वस्त विमान कुणीतरी एकदा झाडावर नेऊन बसवलेलं असतं, किंवा खाऱ्या वाऱ्यात उघड्यावर ठेवून आतून पोखरून घेतलेलं असतं, किंवा त्याच्या मालकीवरून दोन भाऊ कोर्टात भांडत असतात. याखेरीज चौथं कारण ताईने आजवर ऐकलं नव्हतं.

तरी तिने जाहिरात बाजूला टाकली नाही, कारण गरज तिलाच होती. ताई विमान चालवायला शिकवायची. शाळा तिची स्वतःची, आणि शाळेत विमान एकच, तेही नाजूक प्रकृतीचं. आठवड्यातले निम्मे दिवस ते आजारपणाच्या रजेवर असे. मग शिकायला आलेली मंडळी बाकावर बसून आकाशाकडे बघत आणि ताई त्यांना ढगांचे प्रकार समजावून सांगत वेळ मारून नेई. पण ढग तरी किती दिवस पुरणार? लोक कंटाळून दुसरीकडे जाऊ लागले होते. दुसरं विमान मिळालं नाही तर शाळेला टाळं लागणार, हे ताई बोलून दाखवत नसली तरी घरात सगळ्यांना कळत होतं.

तिने जाहिरात धाकट्या बहिणीपुढे सरकवली. धाकटी विमानं दुरुस्त करायची, परवानाधारक मेकॅनिक. एखादं विमान उडण्याजोगं आहे की नाही हे सांगून त्याखाली सही करायची, हे तिचं काम. मैदानावर तिला सगळे चिमटी म्हणत. बोटं अशी लांब आणि बारीक, की जिथे कुणाचा हात शिरत नाही तिथून ही पडलेला वॉशर अलगद काढून आणी. आता तर घरच्यांनीही तिच्या खऱ्या नावाचा नाद सोडला होता.

चिमटीने जाहिरात वाचली. खालचा फोन नंबर पुन्हा एकदा वाचला.

"ताई, हा नंबर मास्तरांचा आहे."

"कुठले मास्तर? तुझे मास्तर?"

"माझेच. मला चिमटी करणारे."

ताईचा चेहरा बघता बघता उजळला. "अगं, मग बघायचं काय त्यात? मास्तरांचं विमान म्हणजे डोळे मिटून घ्यायचं." दोन मिनिटांपूर्वी मुरणारं पाणी एका नावासरशी आटलं, हे तिच्या लक्षातही आलं नाही. चिमटीच्याही आलं नाही.

मास्तर म्हणजे शाळामास्तर नव्हेत. मोठ्या विमानतळाच्या वर्कशॉपचे ते अनेक वर्षं प्रमुख होते, आणि आजूबाजूच्या मैदानांवर आज जे मेकॅनिक मिरवतात त्यातले निम्मे त्यांच्या हाताखाली ओरडा खाऊन मोठे झालेले. त्यांची एक खूण होती. विमानातला महत्त्वाचा नट बसवून झाला की त्याच्यावरून बोल्टवर लाल रंगाची एक बारीक रेघ ओढतात. नट जरा जरी फिरला तरी रेघ मध्ये तुटते आणि बघणाऱ्याला लगेच कळतं. रेघ सगळेच ओढतात, पण मास्तरांची रेघ लांबूनही ओळखू यायची. दोऱ्यासारखी सरळ आणि शेवटाला किंचित वर वळलेली. त्या रेघेला वर्कशॉपमध्ये असा मान होता की ती दिसली की त्या नटाला कुणी पुन्हा हात लावत नसे. नियम कुठे लिहिलेला नव्हता. पण एकाने एकदा खात्री करायची म्हणून तिथे पाना लावला, तर मास्तर आठवडाभर त्याच्याशी बोलले नव्हते. काळ्या दगडावरची रेघ म्हणतात ती काय, याच्याहून वेगळी नसावी.

सुट्टीच्या दिवशी दोघी बहिणी सकाळीच निघाल्या. ताईने उडायची बॅग बरोबर घेतली होती. नकाशे, हेडफोन, सगळं. परतताना गाडी चिमटीने चालवायची आणि ताईने विमान घेऊन यायचं, असा बेत वाटेतच पक्का झाला. न बघितलेल्या विमानाचा रंग कुठला ठेवायचा यावरही एक छोटं भांडण उरकून झालं.

मास्तरांचं घर एका गवताळ धावपट्टीच्या कडेला होतं आणि घराला लागूनच विमानाची पत्र्याची शेड. काकू, म्हणजे मास्तरांची बायको, दारातच उभ्या होत्या. त्यांनी चिमटीला जवळ घेतलं आणि नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ धरून ठेवलं. मास्तर शेडमध्ये एका लाकडी स्टुलावर बसले होते, दोन्ही हात जॅकेटच्या खिशात. वाळले होते. पूर्वी शर्टाच्या गळ्यापर्यंत बटणं लावलेली असायची. आता गळ्याशी चेन ओढायचं जॅकेट होतं.

"आलीस," ते म्हणाले. "तूच येशील असं वाटत होतं. ही तुझी बहीण?"

"हो मास्तर, माझी ताई. हिलाच हवंय विमान."

"मग तपास. नीट तपास. मास्तर-बिस्तर बाजूला ठेव. चोराकडून घेतेयस असं समज."

चिमटी हसली. ताईही हसली. मास्तर काही हसले नाहीत, पण ते तसेही क्वचितच हसायचे.

विमान बघून ताई पहिल्या नजरेतच पाघळली. पांढरं, पोटाखालून निळा पट्टा, काचा लख्ख. ती सरळ आत जाऊन वैमानिकाच्या जागेवर बसली आणि दांडी पुढे-मागे करत मनाने हवेत पोचलीसुद्धा. चिमटीने मात्र बाह्या सारल्या. आधी तिने विमानाच्या वह्या चाळल्या. एकही पान गहाळ नव्हतं आणि एकही नोंद खाडाखोड केलेली नव्हती. मग तिने विमानाला हात लावला. पंख्याच्या पात्यावरून अंगठा फिरवला. इंजिनवरची झाकणं काढून प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजला. सगळे तरुण माणसाच्या छातीसारखे भरलेले. तेलाचा फिल्टर कापून त्यातला कागद उन्हात पसरला आणि त्यावर कुठे धातूची चमक दिसते का ते बघितलं. चमक नव्हती. टाकीखालचा नळ उघडून पेट्रोल काचेच्या बाटलीत घेतलं आणि उजेडात धरलं.

"ताई, ये, बघ तुझं मुरलेलं पाणी. एक थेंब नाही."

"मी कधी म्हणाले?" ताई आतून ओरडली.

पंखांखालच्या पत्र्यावर चिमटीने बोटांच्या पेरांनी टकटक केली. आत टॉर्च आणि दांडीवरचा छोटा आरसा घालून एकेक रिव्हेट बघितला. पुठ्ठ्याच्या तुकड्यावर उताणी पडून पोट तपासलं. कुठे ठोकून सरळ केलेला पत्रा नाही, कुठे गंजाची पांढरी भुकटी नाही, कुठे घाईघाईने दिलेल्या रंगाखाली दडवलेलं काही नाही. इतकं स्वच्छ विमान तिने गेल्या कित्येक महिन्यांत बघितलं नव्हतं. आणि जसजसं काही सापडेना तसतसं तिला आनंद व्हायच्या ऐवजी कोड्यात पडल्यासारखं होत होतं. मग हे एवढं स्वस्त का?

मास्तर जागचे हलले नव्हते. हे तिला जरा चमत्कारिक वाटलं. पूर्वी कुणी काम करत असलं की मास्तर त्याच्या मानेवर श्वास सोडत उभे असायचे. आज ते लांबून नुसते तिच्या हातांकडे बघत होते.

शेवटी राहिली शेपूट. शेपटीच्या मागे एक हलती पट्टी असते. ती वर-खाली झाली की विमान नाक वर-खाली करतं. वैमानिकाच्या हातातली दांडी एका केबलने तिथवर पोचते आणि एका बोल्टने पट्टीला जोडलेली असते. त्या बोल्टचा नट फार आवळायचा नसतो, कारण पट्टी हलती राहायला हवी. नट जागेवर राहतो तो त्याच्या आरपार घातलेल्या एका छोट्या पिनेमुळे. ती पिन पलीकडच्या अंगाला असते, आरशात दिसत नाही, बोट घालून चाचपावी लागते. चिमटीने गोल झाकण काढलं, टॉर्च धरली, आरसा आत सरकवला. आरशात नट दिसला आणि नटावर ती दोऱ्यासारखी लाल रेघ, शेवटाला किंचित वर वळलेली. ओळखीचं माणूस भेटावं तसं तिला बरं वाटलं. तिने आरसा बाहेर काढला आणि झाकण लावून टाकलं.

काकूंनी चहा शेडमध्येच आणला. पत्र्याचे मग होते आणि चहा असा वाफाळता की चिमटीने मग रुमालात गुंडाळून धरला, ताईने तर पहिल्याच चटक्याला पंखाच्या टोकावर नेऊन ठेवला.

"बरेच जण येऊन गेले असतील बघायला," ताई म्हणाली.

"आले की," काकू म्हणाल्या. "बघायला कुणी नाही आलं पण. येतात, विमान कुणाचं ते कळतं, आणि लगेच पैसे काढतात. मग हे नाही म्हणतात."

"नाही म्हणतात? का?"

"ते त्यांनाच विचार. प्रत्येक जण गेला की किंमत आणखी उतरवतात. मी म्हटलं, अहो, असं केलंत तर शेवटी आपल्यालाच पदरचे देऊन विमान घालवावं लागेल."

ताईला हे ऐकून गंमत वाटली. म्हाताऱ्या माणसाचा जीव अडकला असणार, दुसरं काय. तिने मास्तरांकडे मोर्चा वळवला. "मास्तर, मी त्याची अगदी डोळ्यांत तेल घालून काळजी घेईन. आजच नेते. माझं सगळं सामान बरोबर आहे."

मास्तरांनी तिच्याकडे बघितलंच नाही. त्यांनी चिमटीला विचारलं, "सगळं पाहिलंस?"

"हो मास्तर."

"सगळं?"

"हो. काही नाही सापडलं. फार सुंदर ठेवलंय तुम्ही."

मास्तरांचा चेहरा उतरला. विमान चांगलं आहे म्हटल्यावर एखाद्या मालकाचा चेहरा उतरलेला चिमटीने आजवर पाहिला नव्हता.

"मग नको," ते म्हणाले. "नाही द्यायचं मला. जा तुम्ही."

ताई उठून उभी राहिली. आता तिचा स्वभाव असा की पोटातलं ओठावर यायला वेळ लागत नाही. "हे बरं आहे. जाहिरात तुम्ही द्यायची, लोकांना लांबून बोलवायचं, अर्धा दिवस ती पोटावर-पाठीवर पडून तपासतेय, आणि आता नको? मास्तर, माझी शाळा बंद पडायला आलीय. मी इथे सहलीला नाही आले."

"ताई, थांब," चिमटी म्हणाली.

ती मास्तरांच्या हातांकडे बघत होती. चहासाठी म्हणून त्यांनी ते पहिल्यांदाच खिशातून काढले होते. तो वाफाळता पत्र्याचा मग त्यांनी दोन्ही तळव्यांत गच्च धरला होता, थंडीत शेगडी धरावी तसा. चटका बसल्याचं चेहऱ्यावर नावसुद्धा नव्हतं. काकू पुढे झाल्या, त्यांनी मग हळूच त्यांच्या हातातून काढून घेतला आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, "किती वेळा सांगितलं, मगाचा कान धरायचा म्हणून." मास्तरांचे तळवे लालबुंद झाले होते. त्यांनी ते परत खिशात घातले.

चिमटीने आपला मग खाली ठेवला आणि ती सरळ शेपटीकडे गेली. गोल झाकण पुन्हा काढलं. या वेळी आरसा खिशातच ठेवला. हात आत घातला, मनगट वळवलं आणि मधलं बोट नटाच्या पलीकडे नेलं. नटाची कड लागली. कडेतली खाच लागली. खाचेत काहीच नव्हतं.

तिने दुसऱ्यांदा चाचपलं, तिसऱ्यांदा चाचपलं. मग दोन बोटांत नट धरून किंचित फिरवून पाहिला. तो बाटलीच्या बुचासारखा फिरला. तिने डाव्या हाताने आरसा आत धरला तर लाल रेघ मधोमध तुटलेली दिसली.

चिमटी तशीच हात आत ठेवून बसून राहिली. तिला कसली तरी भयंकर लाज वाटत होती. हेच विमान एखाद्या अनोळखी माणसाचं असतं तर तिने बोट घातलंच असतं, रोज घालते. ताई आत बसून हसत दांडी हलवत होती, आणि हिने झाकण लावून टाकलं होतं. आपली बहीण, आणि आपण झाकण लावलं.

"मास्तर," ती म्हणाली, "शेपटीच्या बोल्टला पिन नाही."

मास्तरांनी एवढा मोठा श्वास सोडला, जणू बरेच महिने तो आतच धरून ठेवला होता.

"चूक तिथे होती होय," ते म्हणाले. "सापडली एकदाची."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?" ताई म्हणाली. तिचा आवाज एकदम बारीक झाला होता.

"कुठे ते माहीत नव्हतं. कुठेतरी आहे हे माहीत होतं." मास्तर स्टुलावर पुढे सरकले. "सगळी मोठी दुरुस्ती मीच केली, एकट्याने. काम झालं, रेघा ओढल्या, आणि दुसऱ्या दिवशी इथे झाडताना जमिनीवर एक पिन सापडली. डब्यातून सांडलेली असेल, नाहीतर कुठेतरी बसवली असं वाटून खाली पडलेली असेल. आरशात दिसणाऱ्या जागा सगळ्या बघितल्या. पण न दिसणाऱ्या जागा काय कमी असतात? तिथे बोटालाच विचारावं लागतं. मी सगळीकडे बोटं घातली चिमटे, एकेक जागा. आणि बोटं सगळीकडे म्हणतात, आहे. हवेत धरली तरी म्हणतात, आहे."

"साखरेने नसा गेल्यात बोटांच्या," काकू म्हणाल्या. "डॉक्टरांनी कधीच सांगितलंय. यांनी ते आमच्या दोघांतच ठेवलं."

"तेव्हापासून मी उडवलं नाही ते," मास्तर म्हणाले.

"पण विकायला काढलंत!" ताईचा बारीक झालेला आवाज परत आला, आणि तो चांगलाच वर चढला. "मी आत्ता यात बसून घरी निघाले होते मास्तर! माझी बॅग बघा, तिथे पडलीय!"

"म्हणून तर नाही म्हणालो."

"आणि हिने 'हो, सगळं पाहिलं' म्हटल्यावर तुम्ही 'घेऊन जा' म्हणाला असतात तर?"

"नसतो म्हणालो. तिचं बोट कुठेही आत गेलेलं मी बघितलंच नव्हतं. मी तेवढंच बघत बसलो होतो." मास्तरांनी मान खाली घातली. "किंमत पाडली ती त्यासाठीच. माणूस स्वस्त वस्तू संशयाने बघतो, उलटीपालटी करून बघतो. पण माझं नाव कळलं की यांचा संशयच जातो. मग मी आणखी पाडली. तरी जाईना. आता फुकट देतो म्हटलं असतं तरी माझ्या पाया पडून घेऊन गेले असते."

"कुणाला तरी सरळ सांगायचं," चिमटी म्हणाली. तिला राग आला होता, आणि तो तिने लपवला नाही. मास्तरांशी या आवाजात ती जन्मात बोलली नव्हती. "मला सांगायचं. एक फोन करायचा, चिमटे, ये आणि बोट घाल."

"एकाला सांगून बघितलं. म्हटलं, हात पूर्वीसारखे राहिले नाहीत रे. तर म्हणाला, मास्तर, तुमचे उरलेसुरले हातसुद्धा आमच्यापेक्षा बरे. आणि हसला. सगळे माझेच शिकवलेले. रेघेला हात लावायचा नाही हेही मीच शिकवलेलं. आणि खरं सांगायचं तर दुसऱ्यांदा सांगायला जीभच उचलली नाही. हात गेले म्हटल्यावर माझ्याकडे उरलं काय?"

ताईने जाऊन आपला गार झालेला चहा उचलला आणि एका दमात पिऊन टाकला. राग तिचा गेला नव्हता, पण म्हाताऱ्या माणसावर आणखी किती ओरडायचं याचं तिला एक भान होतं.

चिमटी उठली, चिंधीला हात पुसले. "विमान आम्ही घेतोय," ती म्हणाली. "आज नाही. मी रोज संध्याकाळी येईन, यातली प्रत्येक रेघ पुसून नट उघडून बघेन, आणि मगच ताई यात बसेल. किंमत तेव्हा ठरवू, सरळ बाजारभावाने. ताई, चालेल ना?"

"न चालून सांगते कुणाला?" ताई म्हणाली. "ढग आहेतच तोवर."

काकूंनी डोळ्यांना पदर लावला. मास्तरांचा जीवही भांड्यात पडलेला दिसत होता. खांदे सैल झाले होते, आणि चिमटीला वाटलं, आता ते कदाचित तिच्या मानेवर श्वास सोडायलाही येऊन उभे राहतील. तेवढ्यात तिच्या मनात काहीतरी आलं, आणि हातातली चिंधी तशीच राहिली.

"मास्तर, तुम्ही एवढ्यात आणखी कुणाचं काम केलंत?"

"कुणाचं नाही. बंद केलं मी."

"बंद करायच्या आधी?"

"त्या फवारणीवाल्याचं. शेतांवर औषध मारतो, तो. शेपटीचंच होतं. पण ते आधीचं काम. तेव्हा हात बरे होते."

"किती आधीचं?"

मास्तर धावपट्टीकडे बघत राहिले.

"त्याच आठवड्यातलं," काकू म्हणाल्या. "याच्या आदल्या दिवशी झालं होतं ते."

फवारणीवाल्याला चिमटी ओळखत होती. तोही मास्तरांचाच; तिच्या आधी काही वर्षं शिकलेला, विमानावर स्वतःच काम करणारा, दिलखुलास माणूस. आणि त्याचं उडणं म्हणजे पिकांच्या शेंड्यांवरून, झाडांच्या उंचीने. शेवटी झटकन नाक वर करून पुन्हा वळायचं, दिवसातून कितीतरी वेळा. तिने खिशातून फोन काढला.

"मी करतो," मास्तर म्हणाले.

"मी बोलते ना, मास्तर. तुम्ही बसा."

"तू सांगितलंस तर तो मला फोन करून विचारेल, खरं का म्हणून. आण इकडे."

बटणं त्यांना दाबता येईनात. नंबर चिमटीनेच लावला आणि फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला. पलीकडे इंजिनाची घरघर होती, आणि तिच्या वर चढवलेला एक आनंदी आवाज, एवढा मोठा की शेडमध्ये सगळ्यांना ऐकू यावा.

"मास्तर! बोला! आज कशी काय आठवण झाली?"

"कुठे आहेस?"

"टाकी भरून बसलोय. निघतोच आहे, वारा पडलाय छान."

"जाऊ नकोस. शेपटीचं झाकण काढ आणि बोल्टची पिन बघ. मी केलेलं काम आहे, ते तपासून घे."

पलीकडून हसण्याचा आवाज आला. "तुमचं काम मी तपासू? मास्तर, चेष्टा करताय का गरिबाची? रेघ आहे तुमची तिथे. रोज बघतो मी, देवासारखी."

मास्तरांनी वर बघितलं. ताईने फोन घ्यायला हात पुढे केला होता. त्यांनी मान हलवली.

"रेघ जाऊ दे रे," ते म्हणाले. "माझ्या बोटांना आता कळत नाही. पिन आहे का नाही, हेही कळत नाही. माझे हात गेले."

पलीकडचा माणूस काहीतरी म्हणाला, पण या वेळी हसण्याचा आवाज नव्हता.

"नाही, उगाच नाही म्हणत. इंजिन बंद कर, खाली उतर, आणि स्वतःचं बोट घालून बघ. मी फोन धरून बसतो."

घरघर थांबल्याचं शेडमधल्या सगळ्यांना ऐकू आलं. मग दार उघडल्याचा आवाज, मग गवतातून लांब जाणारी पावलं. मास्तर फोन कानाशी गच्च धरून तसेच बसून राहिले.